कातळावरची काळी फळे

कोल्हापूरहून रत्नागिरीस जाणाऱ्या रस्त्याने मलकापूर मागे पडले, की उसाचे मळे विरळ होत जातात आणि आंबा गावापाशी सह्याद्रीची कड येते. गेल्या वैशाखात त्या कडेवर आम्ही गाडी थांबविली. रस्त्याच्या बाजूला दोन मुली पानांचे द्रोण मांडून बसल्या होत्या. द्रोणांत करवंदे होती. काळी, टपोरी, देठाशी पांढरा चीक सुकलेली. धाकट्या मुलीने आमच्याकडे पाहून आरोळी दिली, "डोंगरची काळी मैना!" माझा पुतण्या हसला आणि हातातली निळी फाईल त्याने काखेत अधिक घट्ट धरली.

त्या फाईलसाठीच आम्ही निघालो होतो. तीत रत्नागिरी तालुक्यातल्या चार एकर कातळाचा नकाशा होता, बारा वर्षांच्या भाडेपट्ट्याचा मसुदा होता, आणि रासबेरी व ब्लॅकबेरी यांच्या लागवडीचा एक रंगीत अहवाल होता. रोपे पुरविणाऱ्यास पाऊण लाख रुपये आगाऊ देऊन झाले होते. उरलेले चौदा लाख घरातून उचलायचे होते, आणि आमच्या घरी दुकानाचा पैसा एकत्र असतो. पुतण्याने मला सोबत घेतले ते माझ्या शेतीज्ञानासाठी नव्हे. गुळाचा व्यापार करण्यात माझी चाळीस वर्षे गेली. झाडाचे मला फारसे कळत नाही. मी 'हो' म्हटले तर आई 'हो' म्हणेल, एवढाच त्याचा हिशेब होता.

आईचे वय चौऱ्याऐंशी. निघण्याच्या आठ दिवस आधी पुतण्याने पुण्याहून परदेशी फळांच्या दोन डब्या आणून तिच्यापुढे ठेवल्या. एकीत तांबड्या रासबेरी, दुसरीत काळ्या ब्लॅकबेरी. आईने चष्मा लावला, सुरी मागितली आणि एक रासबेरी हातात घेतली. आमच्या घरी फळ कापून, उजेडात धरून, आत पाहून मगच ताटात येते. आंबा असो, बोर असो, पेरू असो, ती रीत तिच्या सासूपासूनची. रासबेरी मात्र कापण्याजोगी निघाली नाही. ते एक फळ नसतेच. एकाच फुलातून धरलेल्या बारीक बारीक दाण्यांचा तो झुबका असतो आणि प्रत्येक दाण्यात स्वतंत्र बी असते. रासबेरी खुडली, की मधला दांडा झाडावरच राहतो आणि फळ टोपीसारखे पोकळ हातात येते. ब्लॅकबेरीत तो दांडा फळाबरोबरच निघतो. दोन फळांतला हा फरक मला त्या दिवशी आईच्या सुरीने कळला. तिने पोकळीत पाहिले, दाणे विलग करून पाहिले, आणि डबी सरकवून म्हणाली, "बाळ, दोन दाण्यांच्या मध्ये काय बसले आहे ते मला कसे दिसणार? जे उघडून पाहता येत नाही ते मी खात नाही. तुम्ही विका, पण विकण्याआधी तिथे जाऊन नीट पाहून या."

उंबर, वड, पिंपळ यांची फळे आपल्याकडे वर्ज्य मानतात ती आत जीव असतात म्हणूनच. रासबेरीचे नाव त्या पाचांत कोणी घातलेले नाही, आणि 'बहुबीज' या शब्दाचा अर्थही घराघरांत निराळा लावतात. त्या वादात मी पडत नाही. मला आईचा प्रश्न शास्त्राचा वाटलाच नाही. माल पारखणाऱ्याचा वाटला. गुळाची ढेप आम्हीही फोडून पाहिल्याखेरीज घेत नाही.

आंबा घाट उतरू लागलो तशी हवा जड झाली. साखरप्याला चहा घेतला. नाणीज, पाली ही गावे गेली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना जांभ्याचे सडे दिसू लागले. देशावरच्या माणसाला सडा पाहून प्रथम भीती वाटते. काळसर तांबडा खडक, मैलभर सपाट, वर बोटभर सुकलेले गवत, आणि मेच्या उन्हात त्यातून निघणारी धग अशी, की लांबचे झाड पाण्यात उभे असल्यासारखे हलते. याच सड्यांवर कोण जाणे कोणत्या काळी माणसांनी हत्ती, मासे, पक्षी कोरून ठेवले आहेत. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. उक्षीचा हत्ती रस्त्यापासून फार दूर नव्हता. मला तो पाहायचा होता. पुतण्याला घाई होती, तेव्हा तो राहून गेला आणि अजून राहूनच आहे.

जमिनीचे मालक जुने आंबा बागायतदार. अंगात पांढरा सदरा, हातात एक लोखंडी पहार. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी आम्हांला गडग्याच्या फटीतून सड्यावर नेले, पहार उचलली आणि एका जागी मारली. ठण् असा आवाज झाला. चार पावले पुढे जाऊन पुन्हा मारली. तोच आवाज. असे त्यांनी पाच-सहा ठिकाणी केले आणि मग पहार टेकून उभे राहिले.

"कलम लावायचे तर आम्ही सुरुंग लावून खड्डा पाडतो," ते म्हणाले, "खालून माती आणून भरतो. एका झाडाला एक खड्डा. आंब्याचे मूळ फटीतून वाट काढते, पन्नास-साठ वर्षे जगते, म्हणून तो खर्च निघतो. तुमचे ते झुडूप किती वर्षे राहील?"

पुतण्याने फाईल उघडली. रासबेरीचे मूळ वर्षानुवर्षे जगते, पण तिचा दांडा दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी वाढतो, दुसऱ्या वर्षी फळ देतो आणि सुकतो. तोवर मुळातून नवे दांडे आलेले असतात. जुने छाटायचे, नवे तारेवर बांधायचे, असा क्रम. पहिल्याच वर्षी फळणाऱ्या जातीही आता आहेत. हे सर्व त्याने चांगले वाचले होते आणि नीट सांगितले. मला त्याचे कौतुक वाटले. आमच्या पिढीने कोणत्याही धंद्यात एवढा अभ्यास करून पाऊल टाकले नव्हते.

बागायतदारांनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाले, "आणि पाऊस?"

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. कातळावर तो मुरत नाही; खळग्याखळग्यांत साचतो. रासबेरीच्या मुळाला दुसरे काहीही चालते, तुंबलेले पाणी चालत नाही. साचलेल्या पाण्यात मूळकुजीची बुरशी झाड हां हां म्हणता घेऊन जाते. सुरुंगाचा खड्डा तर पावसाळ्यात हौदच. आंबा त्यात तग धरतो. बागायतदारांनी चार वर्षांमागे हौसेने महाबळेश्वरहून रासबेरीची सहा रोपे आणून कुंड्यांत लावली होती. आषाढात पाने पिवळी पडली. श्रावणात कुंड्या रिकाम्या झाल्या.

थंडीचा प्रश्न त्याहून मोठा. युरोप-अमेरिकेतल्या तांबड्या रासबेरीला फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यात सात अंशांच्या खालचे, जातीनुसार, आठशे ते सोळाशे तास लागतात. ब्लॅकबेरीच्या काही जातींना बरेच कमी पुरतात. रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा पंधराच्या खाली उतरत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि रासबेरीही तिथल्या बाजारात दिसते. पण नकाशावर महाबळेश्वर व रत्नागिरी यांच्यात जे बोटभर अंतर दिसते तो सह्याद्रीचा कडा आहे, हे अहवाल लिहिणाऱ्याने बहुधा कड्यावरून खाली पाहून लिहिलेले नसावे.

पुतण्या सहजी हार मानणारा नव्हे. त्याने 'म्हैसूर रासबेरी'चा दाखला काढला. ही आपल्याच देशातली, काळसर फळाची रानटी जात. हिला कडाक्याची थंडी लागत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या उष्ण दक्षिण भागातही ती लावतात. दाखला खरा होता. मात्र त्याच झुडपाची दुसरी कथाही आहे. गॅलापागोस बेटांवर ते शेतीसाठी नेले, पक्ष्यांनी बी पसरविले, आणि आज त्याच्या काटेरी जाळ्यांनी तिथले मूळचे रान गिळले आहे. ते काढता काढता तिथले वनरक्षक मेटाकुटीस आले. शिवाय फाईलमधली रोपे त्या जातीची नव्हतीच. यादीत परदेशी नावे होती, सगळी थंड मुलखातली.

"पण हापूस तरी इथला कुठे आहे?" पुतण्या म्हणाला. "कलम बांधण्याची कला पोर्तुगीजांनी आणली. नावसुद्धा त्यांचेच. काजू ब्राझीलचा. तेव्हाही कोणी पहार मारून 'इथे जमणार नाही' म्हटलेच असेल."

या बोलण्याला मला उत्तर सुचले नाही. बागायतदारांना सुचले, किंवा ते उत्तर नसून नुसती माहिती असेल. "काजूला आम्ही काही केले नाही," ते म्हणाले. "बी पडले, झाड आले. हापूसला मात्र केले. अजून करतोच आहोत. या, काय करतो ते दाखवतो."

सड्याच्या उतारावर त्यांची बाग आहे. जुनी कलमे तीस-तीस फूट उंच, खाली गर्द सावली आणि सुकल्या पानांचा थर. दोन गडी घळ घेऊन आंबे काढीत होते. देठासकट आंबा काढणारा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला त्यांच्या हाती होता. बागेत शिरल्यावर मला जो वास आला तो आंब्याचा नव्हता. औषधाचा होता.

हापूसचे शत्रू बागायतदारांनी बोटांवर मोजून दाखविले. पालवी व मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे. फुलकिडे, जे अलीकडे फळाच्या सालीवरही खरवडल्यासारखे डाग पाडतात. खोड पोखरणारा भिरूड. आणि शेवटी, फळ तयार होताना येणारी फळमाशी. तुडतुडे व फुलकिडे यांसाठी पालवीपासून फळ अंड्याएवढे होईपर्यंत पाच-सहा फवारण्या होतात. मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारू नये, असे विद्यापीठ बजावून सांगते, कारण आंब्याचे परागीभवन मुख्यतः माश्याच करतात. ज्या हाताने औषध मारायचे त्याच हाताने मारता मारता थांबायचे. सगळे थांबतात असे नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले.

फळमाशीचे काम मात्र निराळे आहे. ती पानाला किंवा मोहोराला शिवत नाही. पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली सुईसारखे टोक खुपसून अंडी घालते. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा डाग. आत अळ्या गर खातात, फळ गळते, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि तिथून नवी माशी. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय हापूस बंद केला तो या माशीपायी. ती बंदी पुढच्या जानेवारीत उठली. तेव्हापासून युरोपात जाणारा आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर किरणांचा मारा होतो. २००७ साली तो प्रथम लासलगावच्या केंद्रात झाला. आमच्या आईची सुरी आणि ब्रसेल्सचा तपासनीस, दोघांचा प्रश्न एकच असल्याचे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

एका फांदीला प्लास्टिकची बरणी टांगली होती. हा 'रक्षक' सापळा, तोही दापोलीच्या विद्यापीठाचा. आत मिथाईल युजेनॉल नावाच्या द्रव्यात भिजविलेला तुकडा असतो. त्याच्या वासाने फळमाशीचे नर आत येतात आणि बाहेर पडत नाहीत. नर संपले की माद्यांची अंडी फळत नाहीत. बागायतदारांनी बरणी उघडून आमच्यापुढे धरली. तळाशी सोनेरी कमरेच्या माश्यांचा थर होता. शेकडो असतील. काही अजून पाय हलवीत होत्या.

पुतण्या मागे सरला. मी तिथेच उभा राहिलो, पण माझेही लक्ष बरणीत ठरेना. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार प्रकार आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले असतात. गृहस्थाला संकल्पी हिंसा सुटलीच पाहिजे, उद्योगातली अटळ म्हणून कमीत कमी करायची, असे शिकलो. शेती उद्योगात आली. नांगरामुळे जीव मरतो तो मारावा म्हणून मरत नाही. पण ही बरणी? ती तर वास दाखवून बोलावते. आमच्या आजोबांनी दुकानात बी विकले, खत विकले, पण कीटकनाशकाची एजन्सी चालत आली ती नाकारली. पंधरा कर्मादानांत 'विषवाणिज्य' आहे, एवढेच ते म्हणत. त्या औषधांनी पिकलेला ऊस आणि त्याचा गूळ मात्र आम्ही तीन पिढ्या विकला. आजोबांना हे कोणी विचारले नाही, आणि मीही विचारले नाही.

बागायतदारांना आमच्या चेहऱ्यावरून काही कळले असावे. ते म्हणाले, "हा सापळा आहे म्हणून एक फवारणी वाचते. ती वाचली म्हणजे मोहोरावरच्या, पानांवरच्या, मातीतल्या किती गोष्टी वाचतात ते मोजता येत नाही, कारण त्या बरणीत येत नाहीत." मग त्यांनी आम्हांला बागेच्या खालच्या कोपऱ्यात नेले.

तिथली कलमे अलीकडे छाटून बुटकी केलेली होती आणि प्रत्येक फळ कागदी पिशवीत होते. विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे फळ गोटीएवढे ते अंड्याएवढे असताना साधारण २५ बाय २० सेंटिमीटरची पिशवी घालून तोंड बांधतात. पिशवीतल्या फळापर्यंत माशी पोहोचत नाही. उन्हाचे चट्टे नाहीत, चिकाचे डाग नाहीत, रंग एकसारखा. बागायतदारांनी एक पिशवी फाडून दाखविली. आतले फळ खरोखर कोणी हात न लावल्यासारखे होते. जमिनीवर एकही गळके फळ नव्हते. ते रोज सकाळी वेचून खोल खड्ड्यात पुरतात, म्हणजे अळीला कोष करून वर यायला वाट राहत नाही.

"मग सगळ्याच बागेला का नाही?" मी विचारले.

त्यांनी वर बोट दाखविले. तीस फुटांवरच्या फांदीला कोण पिशवी बांधणार? पिशवीला दोन-तीन रुपये, बांधायला माणूस, काढायला माणूस. फेब्रुवारी-मार्चमध्ये नेमकी माणसे मिळत नाहीत. बागेतली निम्मी कामे आता नेपाळहून आलेल्या गड्यांवर चालतात. यंदा पाच हजार फळांना पिशव्या घातल्या. बाजारात त्या आंब्याचा भाव वेगळा होत नाही. पेटीत गेले, की पिशवीतला आंबा आणि फवारणीचा आंबा एकाच दराने जातो. "कोणी विचारीतच नाही, काका," पुतण्याकडे पाहून ते म्हणाले, आणि मग चूक लक्षात येऊन माझ्याकडे वळले.

दुपारी त्यांच्या माजघरात जेवण झाले. सूर्यास्ताआधी परतायचे होते, पण पुतण्याने पुन्हा फाईल काढली आणि रासबेरीच्या किडींचे पान उघडले. ते त्याने आजवर नीट वाचले नव्हते. दांडा पोखरणारी अळी, कोळी, मावा, पावसात फळावर येणारी राखाडी बुरशी. आणि या सगळ्यांवर मात करील अशी एक बारीक माशी. साधी केळ्यांवर घोंघावणारी माशी सडलेल्या फळावर बसते. ही तिची पूर्व आशियातली बहीण. हिच्या मादीला करवतीसारखे दातेरी टोक असते आणि ती न सडलेल्या, नुकत्या पिकू लागलेल्या फळाला चीर पाडून आत अंडी घालते. २००८ मध्ये ती कॅलिफोर्नियात व युरोपात सापडली आणि थोड्याच वर्षांत दोन्ही खंडांतल्या रासबेरीवाल्यांची झोप उडाली. मऊ, पातळ सालीचे, दाण्यादाण्यांचे फळ तिला सर्वांत आवडते. उपाय कोणते? मळाभर एक मिलिमीटरहून बारीक छिद्रांची जाळी, दर दोन दिवसांनी तोडणी, पडलेले फळ न ठेवणे, तोडताच थंडी; आणि हे न जमेल तिथे फवारणी, तीही फळ पिकत असताना. फळाला साल सोलायची नसते, धुतले तर ते विरघळते.

आणि तपासणी? पान पुतण्याने मोठ्याने वाचले. तिथले शेतकरी मूठभर फळे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. आत अळ्या असतील तर थोड्या वेळाने बाहेर येऊन तरंगतात.

तो वाचायचा थांबला. "म्हणजे आजी म्हणत होती ते," तो म्हणाला. पुढे कोणी काही बोलले नाही. बागायतदारांच्या पत्नीने कोकमाचे सरबत आणून ठेवले.

व्यापारी म्हणून माझा एक हिशेब स्वतंत्र होता आणि तो मी परतताना मांडला. गूळ वर्षभर राहतो. हापूस अढीत आठ-दहा दिवस थांबतो. रासबेरी थंडीत ठेवली तरी दोन-तीन दिवसांचे फळ. रत्नागिरीहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. रस्ता घाटाचा, गाडी बर्फाची, आणि वीज गेली की माल गेला. ज्या मालाला घाई असते त्याचा भाव विकणारा ठरवीत नाही. हे वाक्य माझ्या वडिलांचे आहे आणि त्यावर चर्चा करायची आमच्या घरी पद्धत नाही.

गाडी हातखंब्याला वळण्याऐवजी पुतण्याने शहराकडे घेतली. त्याला थिबा राजवाडा पाहायचा होता. ब्रह्मदेशाचा हा राजा इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून आणला, रत्नागिरीत ठेवला. १९१० मध्ये त्याच्यासाठी हा जांभ्याचा व विटांचा वाडा उभा राहिला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. टेकडीवरून खाली भाट्याची खाडी दिसते. पुतण्या कठड्याला टेकून बराच वेळ खाडीकडे पाहत होता. पाऊण लाख परत मिळणार नाहीत हे त्याला ठाऊक होते. पावतीवर तसे छापलेलेच होते. मी त्याला समजावले नाही. माझे स्वतःचे पहिले नुकसान याहून मोठे होते आणि तेव्हाही कोणी मला समजावले नव्हते. वडिलांनी फक्त दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली नेहमीप्रमाणे माझ्या हाती दिली.

"काका," तो म्हणाला, "पिशवीतला आंबा आपण वेगळा विकला तर? पाच हजार फळे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी. आपली माणसे विचारतील. फक्त सांगावे लागेल."

"भाव काय धरशील?"

"पिशवीचा आणि मजुरीचा खर्च त्यांना सुटला पाहिजे. वर डझनामागे आपले थोडे."

त्याने तिथूनच बागायतदारांना फोन लावला. त्या वर्षी उरलेली सतराशे फळे आम्ही घेतली. त्यांतली साठ-सत्तर आत साका निघून वाया गेली. साका बाहेरून दिसत नाही, त्याला पिशवीही काही करू शकत नाही. गिऱ्हाइकांना ती बदलून दिली. नफा झाला असे मी म्हणणार नाही. यंदाच्या मोसमासाठी बागायतदारांनी आणखी चाळीस कलमे छाटून खाली आणली आहेत आणि पिशव्यांचा निम्मा खर्च आमच्या दुकानाने आगाऊ दिला आहे. सापळे बागेत आहेतच. त्यांच्याविषयी मी काहीच ठरवू शकलेलो नाही. बरणी आठवते आणि फवारणीचा वासही आठवतो.

घाट चढताना उजेड होता. त्या दोन मुली अजून तिथेच होत्या. पाच द्रोण उरले होते. करवंदाची जाळी सड्यावर, गडग्यावर, घाटाच्या उतारावर, कुठेही येते. तिला कोणी सुरुंग लावीत नाही, पाणी घालीत नाही, फवारीत नाही. काटे असल्यामुळे गुरेही तिला फारशी शिवत नाहीत. मुलीने पुतण्याला शिकविले, "चावून बघा. आत लाल असला तर कोंबडा, पांढरा असला तर कोंबडी." तो खेळ मी त्याच्या वयाच्याही आधी खेळलो होतो आणि विसरलो होतो. पाचही द्रोण आम्ही घेतले.

घरी पोचायला रात्र झाली. आई जेवून, पाणी सोडून बसली होती. करवंदे दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यापुढे आली. तिने चष्मा लावला, सुरी घेतली आणि एकेक करवंद मधोमध चिरू लागली. बोटे चिकाने चिकट झाली. पुतण्या शेजारी पाटावर बसून मोजत होता. एकाहत्तर कोंबडे, चौतीस कोंबड्या. एका करवंदात बारीक पांढरी अळी निघाली. आईने ते अर्धे दुसऱ्या अर्ध्यावर पुन्हा झाकले आणि नातवाच्या हातात दिले. तो ते घेऊन परसात गेला आणि पारिजातकाच्या बुंध्याशी, सावलीत, ठेवून आला.

"किती झाली?" आईने विचारले.

"एकशे सहा," तो म्हणाला.

"एकशे पाच," आई म्हणाली, आणि पुढचे करवंद उचलले.